पालथा रांजण

आमचे हे डॉक्टर नव्हते, पण सोलापुरात गिरणीच्या चाळीत सगळे यांना डॉक्टरसाहेबच म्हणत. हिवतापाच्या डासांवर संशोधन करायला यांना तिथे धाडलं होतं, आणि बिऱ्हाड चाळीला लागूनच मिळालं होतं.

सोलापूरला पाण्याचा कायमचा तुटवडा. नळ येऊन गेला की घरोघरी रांजण भरून ठेवत, आणि डास नेमका त्याच स्वच्छ पाण्यात अंडी घाली. यांचं मागणं एवढंच, की आठवड्यातून एकदा रांजण पार पालथा करा, उन्हात कोरडा होऊ द्या. बायका मान डोलवत, रांजण घासत आणि तळाशी तांब्याभर पाणी ठेवतच. त्यातल्या अळ्या पुढच्या भरणीला खुशाल पोहत.

शेजारची बाई गिरणीत कामाला होती, तोंडाची फटकळ. ती एकदा म्हणाली, "डाक्टरसायेब, भरल्या घरात रांजण पालथा करत न्हाईत. तुमाला कसं कळंना?"

"डासाला शुभ-अशुभ कळतं का, बाई?" म्हणून हे हसले. हसले नसते तर बरं झालं असतं.

मग यांच्या डोक्यात उजेडाचं खूळ शिरलं. समुद्रातल्या काही माशांच्या अंगावर अंधारात चमकणारे जंतू असतात म्हणे. लोक मुंबईहून बायकोला लुगडं आणतात. यांनी, चातुर्मासात कांदा न शिवणाऱ्या माझ्या घरात, सडका मासा आणला. मी बोलणंच टाकलं. यांना त्याचा पत्ता नव्हता. यांनी ते जंतू मिठाच्या पाण्यात वाढवले आणि अळ्यांना खाऊ घातले.

भर दुपारी कोठीच्या खिडकीला गोणपाट लावून यांनी चाळीतल्या बायकांना आत बोलावलं. काचेच्या भांड्यात निळसर ठिपके वळवळत होते. "हे तुमच्या रांजणातलं," हे म्हणाले. आमची सहा वर्षांची लेक टाळ्या पिटत ओरडली, "बाबांचे काजवे!" माझाही राग तिथेच विरला.

बायका तोंडाला पदर लावून निघून गेल्या. हे खूश. शनिवारी चाळभर फिरून आले ते तोंड पाडून. रांजण लख्ख घासलेले होते, आणि प्रत्येकाच्या तळाशी तांब्याभर पाणी होतं.

आमचा रांजण मात्र दर शनिवारी पालथा होई. मी मनात देवाचं नाव घेऊन तो करत असे. पण डास काही उंबऱ्यावर परवानगी मागत नाही. श्रावणात लेकीला थंडी वाजून ताप भरला. मग एकाआड एक दिवस येऊ लागला. कोयनेलच्या कडू गोळ्या ती शहाण्यासारखी गिळायची आणि विचारायची, "बाबा, माझ्या पोटातपण उजेड पडेल का?" हे तोंड फिरवायचे. पुढे ताप डोक्यात गेला. ती गेली. याहून जास्त मला आजही लिहिता येत नाही.

मला चाळीचा राग आला, यांचाही आला. कुणाच्या रांजणातला डास, ते कोण सांगणार?

हे स्मशानातून परतले तेव्हा अंगणात आमच्या घागरी, हंडे, रांजण, सगळं पालथं पडलं होतं. यांनी उकिडवं बसून रांजण थोडा तिरपा केला आणि आत हात घातला. तळ कोरडा ठणठणीत होता.

"हे कुणी करायला सांगितलं?" यांनी विचारलं.

शेजारची बाई डोळे पुसत म्हणाली, "सांगाया कशाला पायजे, सायेब? घरातलं मानूस गेलं की समदं पानी वत्तात. येरवी कोन वततंय?"

इतके दिवस आपण दारोदार काय मागत फिरलो, ते यांना तेव्हा उमगलं.

सुतक फिटल्यावर त्याच बाईने पहिली घागर आणून आमच्या रांजणात ओतली. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आता ह्यो परत पालथा हुया नगं, वैनी."

हे दारातच उभे होते. "नको," एवढंच म्हणाले.

त्या शनिवारी मी रांजण घासायला घेतला. तळाशी तांब्याभर पाणी यांनीच ठेवलं.