दह्यानं झिजणारा खडा

माझा थोरला भाऊ खंडाळ्याकडं रेल्वेसाठी खडी फोडायचा. एकदा काळा फत्तर फुटला आणि आतल्या पोकळीतून बोटभर लांबीचा, पाण्यासारखा स्वच्छ खडा निघाला. तो त्यानं आमच्या गावी, कान्ह्याला आणून आईच्या हातावर ठेवला. "आये, देवात ठिव. स्फटिक हाय."

त्याच वर्षी मानमोडीची, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ आली आणि त्या तापात तो चार दिवसांत गेला. फोटोबिटो कुठला असणार! मागं राहिला तो खडा. दर सोमवारी आई त्याला दह्यादुधानं न्हाऊ घालायची आणि न्हाऊ घालताना भावाशी बोलायची. कुठलं शेत लावलं, कुठली गाय व्याली, सगळं सांगायची.

मी तेव्हा पुण्याच्या कॉलेजात शिकत होतो. दीडशहाणा लेकाचा! गारगोटीत, म्हणजे स्फटिकात सिलिकॉन आणि ऑक्सिजन, फेल्स्पारमध्ये वर अ‍ॅल्युमिनियम, काळ्या फत्तरात लोखंडसुद्धा, सगळं तोंडपाठ. सुट्टीत घरी आलो तर खडा धुरकट झालेला. हा स्फटिक नव्हेच, हा कॅल्साइट. कॅल्शियम, कार्बन, ऑक्सिजन. भाजला तर पानात खायचा चुना होईल. आंबट दह्यानं तो झिजत होता. भावाची तेवढी एकच खूण, तीही जाणार!

आईला सांगितलं, दही बंद कर. ती हसली. "स्फटिकाला दह्यानं काय व्हतं रं?"

खऱ्या स्फटिकाला काहीच होत नाही, हे तिचं बरोबर होतं. मी मात्र हट्टाला पेटलो. कॉलेजातून आणलेल्या बाटलीतला अ‍ॅसिडचा एक थेंब खड्यावर सोडला. फस्सकन फेस आला. आईनं खडा हिसकावला, पदरानं पुसला आणि थेंबानं पडलेल्या खळीवरून बोट फिरवलं.

"म्हंजी इतके दिस मीच त्याला झिजवत व्हते व्हय?"

त्या दिवसापासून तिनं खड्याला हात लावला नाही. मी म्हटलं, अगं, साध्या पाण्यानं घाल अंघोळ, पाण्यानं काही होत नाही. "नगं बाबा," म्हणाली. सोमवारी देवापुढं नुसती गप्प बसून राहायची. भावाशी बोलणंही गेलं.

पुढं ती सहा वर्षं जगली. खडा आता माझ्या टेबलावर आहे, अजून बोटभरच, माझ्या थेंबानं पडलेल्या खळीसकट. दर सोमवारी दही घातलं असतं, तरी तेवढी वर्षं तो सहज पुरला असता.