बोलण्याचा फुगा

एचएसआर लेआउटमधल्या आमच्या नेहमीच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानेच खायच्या हॉटेलात, एक तरुण इंग्रज रोज सकाळी कॉफी पीत चित्रं काढायचा. तिकडे त्याची दोन कॉमिक्स छापून आली होती. तिसऱ्यासाठी तो बेंगळुरूत येऊन राहिला होता. माणसाच्या आधी तो बोलण्याचा फुगा काढायचा. म्हणायचा, "आधी बोलण्याला जागा ठेवायची, नाहीतर माणूस मुका राहतो."

एकदा त्याने माझं चित्र काढलं, नागपूरला असलेल्या आईशी फोनवर बोलतानाचं. फुगा मात्र केवढा! "काय बोललास ते तुझ्या भाषेत लिही," म्हणत त्याने पेन पुढे केलं.

मी लिहिलं, 'हो, खाल्लं. ठेवतो.' फुग्याचा कोपराही भरला नाही.

"असू दे," तो हळूच म्हणाला आणि त्याने फोनजवळ दुसरा फुगा काढला. "आई काय म्हणाली?"

मला आठवेना.