मागून पसंत केलेला कोट

दुनियेतले सगळे लोक माणसाले समोरून पाहतात, माझा साळा तेवढा मागून पाहते, अन् त्याच्यासारखी माणसाची पारख असलेला दुसरा कोणी या दुर्ग लाइनीवर झाला नाई, होणार नाई. यात त्याचा दोष नाई. जिंदगीभर त्यानं मालगाडीच्या गार्डाची नोकरी केली. ड्रायव्हर पुढं बसते, त्याले सिग्नल दिसते, येणारं गाव दिसते. गार्ड शेवटल्या डब्यात एकटा बसते, त्याले फक्त गेलेलं दिसते. गेलेली गावं, गेलेले पूल, फाटक उघडल्यावर सायकलीवर टांग टाकून निघालेल्या लोकांच्या पाठी, हेच पाहून पाहून त्याचे डोळे तसे झाले असतीन. "समोरून तर सगळेच चांगले दिसतात, भाऊजी," तो म्हणते. "तोंड धुतलं, भांग पाडला, का चोरही साजरा दिसते. पाठीले पावडर लावता येत नाई. खरा माणूस तिथं असते."

तसं खरं सांगायचं तर ही खोड त्याले नोकरीच्या आधीपासूनच होती, म्हणजे रेल्वेनं माणूस बरोबर निवडला. माझ्या लग्नाची बोलणी चालली तेव्हा सासऱ्यानं त्याले मले पाहायले पाठवलं. मी तेव्हा पोलादाच्या प्लांटमध्ये नवा लागलो होतो. हा आला, चहा पिला, माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाई. जाताना म्हणला, "जराक नळावरून पाणी आणता का?" मी घागर घेऊन गेलो अन् आलो, हा दारात उभा राहून पाहत राहिला. घरी जाऊन त्यानं सांगितलं, पोरगा मागून चांगला आहे, वाकत नाई. तेवढ्यावर लग्न झालं. माझी बायको मंग आयुष्यभर म्हणत राहिली, "बाबू, पुढून बी एकदा पाहून घेतलं असतं तं बरं झालं असतं."

बाबू म्हणजे हाच. ती मोठी, हा लहान. हा तिले बाई म्हणे. दोघं गोंदियाकडच्या एका खेड्यातले, अन् तिकडचा एक शब्द दोघांच्याही तोंडात बसलेला होता: साजरा. पोरगी साजरी, कोट साजरा, भाजीची जुडी बी साजरी. नीट, शोभणारं, पाहून मन निवेल असं काही दिसलं का या दोघांच्या तोंडून एकाच वेळी निघे, "साजरं हाय." मी रोलिंग मिलमधला माणूस, मले लोखंड लाल झालं का काळं राहिलं एवढंच समजे. पण त्यांनी साजरं म्हणलं का मीही मान हालवे.

साळ्याच्या कपड्याच्या तऱ्हा सांगायले बसलो तर संध्याकाळ होईन. शर्टाले इस्त्री करताना तो पाठ आधी करते, अन् लाइट गेली तर पुढचा भाग तसाच घालते. बुटाले पॉलिश टाचेकडून चालू करते. पद्मनाभपुरात त्याच्या घरी एक आरसा भिंतीवर आहे अन् दुसरा त्याच्या समोरच्या भिंतीवर, मधात हा उभा राहते, न्हाव्याच्या दुकानात बसल्यासारखा. एकदा अहिवाऱ्याले आम्ही वरातीत गेलो. नवरदेव घोडीवर, बँडवाले पुढं, सगळे नाचून राहिले, अन् हा एकटा घोडीच्या मागं-मागं चालून राहिला. मधातच त्यानं वरात थांबवली. नवरदेवाची शेरवानी मागून उसवली होती. याच्या खिशात सुई-दोरा होता. घोडीवर बसल्या-बसल्या त्यानं ती शिवून दिली. घोडी दोनदा हालली, नवरदेव दोनदा ओरडला, पण मंडपात पोहोचेपर्यंत काम साजरं झालं.

दर भाऊबीजेले तो बाईले अंगावर घालायचं काहीतरी आणे. शाल, स्वेटर, लुगडं. तेही मागूनच निवडलेलं. दुकानातली बाई उभी करून, तिले पाठमोरी वळवून. बायको ओवाळता-ओवाळता त्याले टोमणा मारे, "मी डोक्यावरून पदर घेतो, बाबू, पाठीवरची नक्षी कोण पाहते?" तो म्हणे, "मी पाहतो ना. तू चहा मांडायले आत जातं, तेव्हा मलेच तं दिसते."

ती मागच्या उन्हाळ्यात गेली. त्याबद्दल मी लिहीत नाई. लिहायले काही नाई. तेरवी झाली, लोक आपापल्या गाड्या धरून गेले, सेक्टर दोनच्या या क्वार्टरात मी राहिलो. फक्त हा दर रविवारी पद्मनाभपुरावरून स्कूटरवर येत राहिला. येऊन काही सांत्वन करत नाई, ते त्याले येत नाई. बाईच्या गोष्टी सांगते, लहानपणी तिनं याले विहिरीत ढकललं होतं ती, अन् मंग स्वतःच उडी मारून काढलं होतं ती. तिच्याबद्दल असं मोकळं बोलणारा आता हाच एक होता. बाहेरगावी राहणाऱ्या माझ्या पोराशी फोनवर बोललो तर पोरगा हिंदीत रडते, अन् मले हिंदीत रडता येत नाई.

पण माझ्या मनात एक खुपत होतं. साळा-भाऊजीचं नातं काय असते? मधात एक बाई असते, बोल्टासारखी. दोन्हीकडच्या पट्ट्या तिनं धरलेल्या असतात. बोल्ट निघाला तर पट्ट्या कशावर राहतीन? मी हिशेब लावला का हा भाऊबीजेपर्यंत येईन. तेवढा सण त्याच्या मनात अडकलेला असीन. मंग हळूहळू एक रविवार सुटीन, दुसरा सुटीन, स्कूटर बिघडीन, गुडघा दुखीन, अन् मंग लग्नाकार्यात भेट. त्याले विचारावं असं खूप वाटे. पण असं काही कोणी विचारते का? "बाबा रे, तू येशील का नाई" असं म्हातारा म्हाताऱ्याले कसा विचारीन?

दिवाळीच्या थोडं आधी बंगालकडून ढग आले. इकडे नेहमीच येतात, पाऊस संपला म्हणून छत्री माळ्यावर टाकली का येतात. त्या रविवारी मी प्लांटचा जुना रेनकोट घालून दूध आणायले निघत होतो अन् हा दारात आला. आत न येता तिथंच थांबला. म्हणला, "फिरा बरं जराक." मी फिरलो.

"हे काय घातलं, भाऊजी?"

"कोट."

"हा कोट नाई. हे तेलाच्या टँकरवरचं झाकण हाय. पुढं थंडी येऊन राहिली, पुसाच्या महिन्यात पुन्हा पाऊस पडन. थंडी-पावसात घालायले माणसाले एक साजरा कोट पाहिजे. चाला सुपेल्याले."

"मले कोण पाहते आता? कोणाले साजरं दिसायचं आहे?"

"तुमी पुढं चालता, मी मागं चालतो," तो म्हणला. "जे दिसते ते मले दिसते. चाला."

सुपेल्याच्या बाजारात एका मोठ्या दुकानात आम्ही गेलो. दुकानदार आमच्याहून निम्म्या वयाचा, चांगला माणूस, त्याच्या नशिबात तो दिवस लिहिला होता. साळ्यानं पहिला कोट हातात घेतला, खिशातून पाण्याची बाटली काढली अन् बाहीवर सोडली.

"अंकल जी, ये क्या कर रहे हो?"

"वाटरप्रूफ लिखे हो ना?"

"लिखे हैं, अंकल."

"तो पानी से काहे को डरते हो?"

पाणी बाहीवरून घसरून दुकानदाराच्या गल्ल्यावर गेलं. कोट पास झाला, पण पाठीत नापास झाला. मंग चालू झालं. पिवळा घातला तर म्हणे, "रुळाजवळ जाऊ नका, गाडी थांबीन." चांदीसारखा चमकणारा घातला तर म्हणे, "स्कूटरचा सायलेन्सर." एक घोट्यापर्यंत येत होता, त्याच्यात म्हणे मी वकिलाचं भूत दिसत होतो. प्रत्येक कोटात त्यानं मले स्टुलावर बसवलं अन् हात पुढं करून गाडीचं हँडल धरल्यासारखं करायले लावलं, कारण कोट उभ्यानं पाहतात पण घालतात बसल्यानं, अन् बसल्यावर पाठ उघडी पडली तर कंबरेत थंडी शिरते. ते झालं का रस्त्यावर पाठवे. "त्या खांबापर्यंत जा. आता या." मी जात होतो, येत होतो. पानठेल्यावरच्या माणसाले वाटलं का मी काही हरवलं ते शोधून राहिलो. तोही शोधायले लागला.

याचं अन् दुकानदाराचं मात्र जमत चाललं, अन् ते कशानं जमलं हे ऐकण्यासारखं आहे. याच्या तोंडून निघे, "साजरा हाय का?" दुकानदार समजे, हा हिंदीत विचारते, सज रहा है का. तो म्हणे, "हाँ हाँ, सज रहा है, एकदम सज रहा है." साळ्याले वाटलं का दुकानदाराले मराठी येते. माझ्या कानात म्हणला, "आपल्याकडचाच दिसते. बोलत नाई फक्त, लाजते."

मंग कोपऱ्यातल्या दांडीवरून त्यानं एक कोट ओढला. पिकल्या वांग्याचा रंग, कमरेजवळ थोडा आत घेतलेला, मागं टोपी, आतून मऊ अस्तर. दुकानदार म्हणला, "अंकल, वो वाला तो…" याले ऐकायचंच नव्हतं. "सज रहा है ना? बस." मले अंगावर चढवला, पुढून बटन लावूच दिले नाईत, खांदे धरून रस्त्याकडे वळवलं.

मी खांबापर्यंत गेलो. परत या म्हणून आवाज आला नाई. वळून पाहिलं तर हा दुकानाच्या पायरीवर बसला होता. ओठ दाबून धरले होते. मी जवळ आलो तेव्हा म्हणला, "साजरं हाय." एवढंच. मंग उठला अन् पैसे देऊ लागला. मी त्याचा हात धरला. तो म्हणला, "हे भाऊबीजेचं हाय, भाऊजी. मधात येऊ नका."

"अरे, ओवाळणी बहिणीले देतात. भाऊजीले कोणी देते का?"

"मंग कोणाले देऊ? सांगा."

मी हात सोडला.

घरी येऊन मी कोट घातला अन् बटन लावायले गेलो, तर हात चुकू लागला. बटन डावीकडे, काज उजवीकडे. पुन्हा पाहिलं. छातीजवळ दोन्हीकडे बारीक चुण्या. कोट बायांचा होता. दुकानदार तेच सांगून राहिला होता बिचारा. मी खाटेवर बसून इतका हसलो का शेजारची बाई काय झालं म्हणून पाहायले आली. ती गेल्यावर मंग माझं हसू गेलं. मी अन् माझी बायको उंचीनं बराबर होतो. लोक चिडवत, जोडी नाई, जुडवा आहेत म्हणत. मी कोट उतरवला, खुंटीवर टांगला अन् भिंतीकडे तोंड करून झोपलो.

भाऊबीजेच्या दिवशी सकाळपासून पावसाची झड लागली होती. पाट मांडावा का नाई, मले समजत नव्हतं. ओवाळणारी नाई तर पाट कशाले? पण नाई मांडला तर आल्यावर हा कुठं बसीन? मी मांडला, उचलला, पुन्हा मांडला. तो नेहमीच्या वेळेपेक्षा उशिरा आला. भिजलेला, नवा शर्ट, पाठीवर कडक इस्त्री, पुढून चुरगळलेला. लाइट गेली असीन. पाटाकडे पाहून म्हणला, "हे बरं केलं," अन् बसला. मी कोट घालून त्याच्यासमोर उभा राहिलो. त्याच्यापासून हे लपवायचं नाई असं मी ठरवलं होतं.

"बाबू, पुढून पाहा."

"पाहिला हाय मी."

"पुढून पाहा म्हणतो."

त्यानं पाहिलं. बटनं पाहिली, चुण्या पाहिल्या. मंग हळूच म्हणला, "हा तं बायांचा हाय."

"हो."

"बाईले बराबर बसला असता."

"बराबर बसला असता," मी म्हणलो.

बाहेर पन्हाळीचं पाणी पडून राहिलं होतं. त्यानं खाली पाहून पाटाचा कोपरा पुसला, कोरडाच होता तो. म्हणला, "आणा, बदलून आणतो. दुकानदार ओळखीचा झाला हाय."

"नको. मले गरम होते यात. मी घालीन."

"लोकं हसतीन, भाऊजी."

"मागून चांगला दिसते ना? मंग ज्याले हसायचं त्यानं पुढून यावं अन् हसावं."

तो थोडा हसला. मंग नेहमीच्या आवाजात, नेहमीसारखं, जसं काही बाजारातून कांदे आणायचे असं म्हणला, "बरं, राहू द्या. पुढच्या भाऊबीजेले मर्दानी घेऊ. अन् त्याच्या आधी तुमाले थंडीचे मोजे पाहिजेत, तुमचे मोजे टाचेत गेले हायत. रविवारी जाऊ."

मी बरं म्हणलो. मंग त्याले भूक लागली. पोहे म्हणला. मले पोहे येत नाईत, त्यालेही येत नाईत. दोघं मिळून केले. कोणी कांदा आधी टाकावा म्हणे, कोणी मोहरी, अन् मीठ दोघांनीही टाकलं. ती असती तर दोघांलेही स्वयंपाकघरातून हाकलून दिलं असतं. आम्ही तसेच उभे राहून खाल्ले, कढईतूनच, अन् वाईट झाले असं कोणी म्हणलं नाई.