गडग्यावरचा बॅन्जो

कुणाच्याही घरी वाजवायला गेला तरी तो आधी बॅन्जोला हात लावायचा नाही. खळ्यात, म्हणजे अंगणात, घातलेल्या सतरंजीवर मांडी ठोकायचा, आलेला चहा बशीत ओतून निवांत प्यायचा आणि मग विचारायचा, "घरातली सगळ्यात म्हातारी खंय आसा?"

म्हातारी बहुधा आत असायची. तिला बाहेर आणून खुर्चीत बसवलं जायचं. हा तिच्याकडे कान करून म्हणायचा, "आये, एक गाणा म्हण. खंयचाय चलात." म्हातारी नाही नाही म्हणायची, सुना तोंडाला पदर लावून हसायच्या, नातवंडं मोबाइल काढून उभी राहायची. त्याला घाई नसायची. शेवटी म्हातारीच्या तोंडून कशाबशा दोन ओळी यायच्या आणि दुसरी ओळ संपेपर्यंत तारा झणझणायला लागलेल्या असायच्या. म्हातारीचं गाणं मिळाल्याशिवाय त्याने कुठलं कार्य सुरू केलेलं मी पाहिलं नाही.

तुम्ही आमच्या बाजूला लग्नाला, गणपतीला किंवा उरुसाला कधी आला असाल, तर तो तुमच्या नजरेतून सुटला नसेल. उंच, काटकुळा, केस कमी आणि मिश्या भरपूर. आमचा बॅन्जो म्हणजे परदेशी सिनेमात दिसतो तो गोल नव्हे. मांडीवर आडवी घ्यायची लाकडी पेटी, तिच्यावर तारा आणि टाइपरायटरसारखी बटणं. त्याच्या बॅन्जोची दोन बटणं मूळची नव्हती. ती त्याने शर्टाची शिवली होती, म्हणजे चिकटवली होती. पण तो सांगताना 'शिवली' असंच सांगायचा. खाऱ्या वाऱ्याने तारा गंजतात म्हणून खिशात खोबरेल तेलाचं फडकं. त्यामुळे त्याच्या सगळ्या शर्टांचे खिसे तेलकट होते आणि बायको त्यावरून त्याला जे बोलायची तेही तो आम्हाला चालीवर वाजवून दाखवायचा.

म्हाताऱ्यांकडून घेतलेलं गाणं तो त्या घरात ठेवून येत नसे. एकदा गणपतीच्या मिरवणुकीत त्याने अशी एक चाल काढली की बाजूने जाणाऱ्या मुसलमान रिक्षावाल्याने रिक्षाच थांबवली. ही तर माझी आजी मला झोपवताना म्हणायची, तुझ्याकडे कशी आली, असं तो विचारू लागला. ह्याने वाजवता वाजवताच उत्तर दिलं, "आजयेनच दिल्यान. गणपतीक आवाडली, तुझा काय जाता?" रिक्षावाला भाडं सोडून विसर्जनापर्यंत मागोमाग आला. दुसऱ्या एका गावात खुरसापुढे, म्हणजे क्रुसापुढे, प्रार्थना होती, तिथे त्याने एक गंभीर, संथ चाल वाजवली. फादरना ती फार आवडली. ही कुठल्या चर्चमधली, म्हणून त्यांनी चौकशी केली. ह्याने प्रामाणिकपणे सांगितलं, मालवणच्या मासळी बाजारातली. फादर एवढे हसले म्हणे की प्रार्थना पुन्हा सुरू करायला वेळ लागला.

त्याला नाही म्हणता यायचं नाही. फोनवर कुणीही सुपारी दिली की एकच शब्द, "जमतला." तारीख लिहून घेणं वगैरे नाही. डोक्यात ठेवायचा. आणि खरं सांगायचं तर त्याचं जमायचंही.

आता माझ्याकडे येतो. हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण त्याच्याविषयी लिहायचं तर स्वतःविषयीही लिहावं लागतं.

आमच्या आणि इनासच्या खळ्यामध्ये एक गडगा आहे, दगड रचून केलेली बुटकी भिंत. एका पावसाळ्यात तो कोसळला. तो आम्ही पुन्हा रचला तेव्हा त्यांच्या बाजूला सरकला, असं इनासचं म्हणणं. सरकला होता. रचणारा मीच होतो. पण मी तेव्हा आवाज चढवला, त्यानेही चढवला, आणि दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं. एवढ्यावर मी थांबलो नाही. माझी आई आणि इनासची आई रोजामाय ह्या जन्माच्या मैत्रिणी. एकमेकींच्या शेतात भातलावणीला जाऊन म्हाताऱ्या झालेल्या. मी आईला सांगितलं, यापुढे पलीकडे हाक मारायची नाही. आईने 'बरं' म्हटलं आणि खरोखरच मारली नाही. ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

पुढे माझ्या मुलीचं लग्न ठरलं. हळदीच्या संध्याकाळी बॅन्जो हवा, म्हणून त्याला फोन केला. "जमतला." मुलाकडचे आदल्या दिवसापासून आमच्याकडे येणार होते. मे महिना, मुंबईचे सगळे चाकरमानी गावात. बॅन्जो नसता तर लोक काय म्हणाले असते, ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

त्याच संध्याकाळी पलीकडे इनासच्या मुलाचा रोस होता. ख्रिस्ती लग्नात आदल्या दिवशी नवऱ्याला नारळाचा रस चोळतात, तो. म्हणजे आमची हळद, त्यांचा नारळ, मध्ये गडगा. पलीकडे कुणाला वाजवायला सांगितलंय ह्याची मी चौकशी केली नव्हती. करणार तरी कुणाकडे?

ऊन कलल्यावर रिक्षा पाणंदीत थांबली. तो उतरला, त्याचा ढोलकीवाला उतरला, मग स्पीकरचे दोन खोके. मी आमच्या बेड्यातून, म्हणजे फाटकातून, पुढे झालो आणि त्याच वेळी इनास त्याच्या बेड्यातून. दोघांनीही त्याचा एकेक खोका धरला. तेव्हा कळलं की ह्याने दोघांनाही हो म्हटलं होतं.

मी त्याला सांगितलं, आत ये. इनासने सांगितलं, मी आधी फोन केला होता. आम्ही दोघेही त्याच्याशीच बोलत होतो, एकमेकांकडे न बघता. दोन्ही मांडवांतली माणसं बेड्यापर्यंत आली. माझा मेहुणा पुटपुटला की हा पलीकडे गेला तर आपण मिरवणुकीत त्यांच्या दारापुढे फटाक्यांची माळ लावायची. पलीकडेही असाच कुणी मेहुणा असणार. त्या घटकेला तो एका बाजूला वळला असता, तर दुसऱ्या घराचं नाक सगळ्या पाहुण्यांदेखत कापलं गेलं असतं आणि पुढे नातवंडंसुद्धा एकमेकांशी बोलली नसती. हे मला कळत होतं. तरी मी खोका सोडला नाही.

त्याने मिशीवरून हात फिरवला. म्हणाला, शेजारी शेजारी कार्य, त्याला वाटलं दोघांनी मिळूनच बॅन्जो सांगितला असेल. आमचं भांडण सगळ्या पंचक्रोशीला माहीत. त्याला एकट्याला माहीत नव्हतं, हे मी अजून मानत नाही.

मग त्याने एक गोणपाट मागितलं. ते गडग्यावर पसरलं, वरचे चार डगडगणारे दगड काढून बाजूला ठेवले आणि वर चढून बसला. एक खोका आमच्याकडे तोंड करून, एक पलीकडे. ढोलकीवाल्याला जागा पुरेना, तो बिचारा फणसाच्या बुंध्याला टेकून उभा राहिला. लोक हसायला लागले. हसणाऱ्या माणसाला रागावून उभं राहणं फार कठीण असतं.

आणि तिथून त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, फक्त दोन्हीकडे तोंड फिरवून. सगळ्यात म्हातारी खंय आसा?

आई बाहेर आली. खुर्चीत बसण्याआधी तिने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. नको म्हणालो नाही, तेवढंच माझ्याकडून झालं. तिने भातलावणीचं गाणं धरलं. तरवो म्हणजे भाताची रोपं, कुणगो म्हणजे भाताचा वाफा:

"तरवो हिरवो, कुणग्यात पाणी,
माझ्या सखयेक धाडा कोणी..."

आवाज थरथरत होता. दुसऱ्या ओळीला तो खाली आला आणि तिथेच बसला. बॅन्जो तिच्यासाठी थांबला. इतक्यात गडग्यापलीकडून आवाज आला, खणखणीत.

"गो सुमते, थंय चाल वर चढता. तू तेव्हापण खालीच घसरत होतंस."

आईने मान वळवली नाही. समोर बघतच म्हणाली, "तेव्हा माझ्या डोक्यार तुझो तरवो होतो, रोजे. चढतलंय खंयसून?"

पलीकडे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आमच्याकडे. रोजामायने ओळ वर चढवून म्हणून दाखवली. आईने मुद्दाम खाली म्हटली. गडग्यावरचा माणूस एकदा तिच्यासारखी वाजवायचा, एकदा हिच्यासारखी, आणि कोण बरोबर विचारलं की म्हणायचा, "दोगव." दोघी म्हाताऱ्या कितीतरी वेळ त्या एका ओळीवरून भांडत राहिल्या. इतकी वर्षं साठलेलं भांडण होतं, लगेच कसं संपणार? नवरी हळद लावून घ्यायला ताटकळली होती. पलीकडे रस कमी पडला तेव्हा आमच्या घरातला खवलेला नारळ बॅन्जोवाल्याच्या गुडघ्यावरूनच पलीकडे गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्या दोघी रोज सकाळी गडग्यापाशी उभ्या राहून बोलू लागल्या. काढलेले दगड कुणी परत रचले नाहीत. पण मी आणि इनास मात्र तसेच. समोर आलो तर मान हलवायची, पुढे व्हायचं. बॅन्जोवाला बाजारात भेटला की विचारायचा, "शेजाऱ्यावांगडा बोललंस?" मी म्हणायचो, बघू. तो म्हणायचा, "जमतला." बोलायला मी सुरुवात करायला हवी होती, गडगा मी सरकवला होता. माहीत असूनही जीभ उचलत नव्हती.

गेल्या श्रावणात बॅन्जोवाला गेला. दोन दिवस ताप आला, एवढंच. बातमी कळली तशी मी मोटरसायकल बाहेर काढली. इनास पाणंदीत उभा होता, पांढरा शर्ट घालून. मी गाडी थांबवली. तो मागे बसला.

बॅन्जोवाल्याचं घर कुडाळच्या पलीकडे, काजूच्या बागांत. पोचलो तर खळ्यात उभं राहायला जागा नव्हती. मासळीवाल्या बायका होत्या, मोहल्ल्यातली माणसं होती, एक फादर होते, आणि जो तो एकमेकांना सांगत होता की तो आमच्या गाण्याशिवाय सुरू करायचा नाही.

त्याची बायको आमच्याकडे वळली. विचारलं, "तुम्ही खंयचे? त्येंचे कोण?"

मी गावाचं नाव सांगितलं. माझ्या खांद्यावर हात पडला.

"ह्यो माझो शेजारी," इनास म्हणाला.

एवढंच. तिने समजल्यासारखी मान डोलावली आणि पडवीतल्या बाकाकडे बोट दाखवलं. बाक लहान होता. आम्ही दोघे अंगाला अंग लावून बसलो.