इंजिनावरची झेंडूची माळ

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गोल पाठीची जुनी गाडी तेल गाळायची म्हणजे काय गाळायची; नांदेडात आमच्या गल्लीत कावळेसुद्धा घसरून पडत. इंजिन मागं. त्याला पाणी नाही, रेडिएटर नाही, नुसत्या पंख्याच्या वाऱ्यावर थंड होणार. मिस्त्री म्हणाला, "भाऊ, ही गाडी न्हाई, घाणा हाय. शेंगदाणे टाका."

यंदा मात्र हे हसण्यावारी नेता येईना. लातूरची आत्या अंथरुणाला खिळली होती. दर दसऱ्याला आबा याच गाडीनं जाऊन तिच्या हातावर आपट्याचं सोनं ठेवायचे. एसटीचं नाव काढलं की म्हणायचे, "आक्का गाडीच्या आवाजानं दारात येती. एसटीनं गेलो तर तिला कळंल कसं?" ती आता उठतही नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

मग मिस्त्रीनं आणि मी इंजिन खाली उतरवलं. फ्लायव्हीलमागचं तेल अडवणारं सील, नळ्यांची रबरं, झाकणांची पॅकिंगं, सगळं नवं. मी असा तेलकट झालो की बायको भजी माझ्यातच तळेल असं वाटायचं. शेवटी गाडीखाली पुठ्ठा अंथरला. सकाळी पुठ्ठा कोरा. पोराचा निकाल दाखवावा तसा तो मी गल्लीभर दाखवत फिरलो.

दसऱ्याला आबांनी गाडी धुतली, कुंकू लावलं आणि झेंडूची जाड माळ घातली. पूजा यंत्राची, म्हणून मागं, इंजिनाच्या झाकणावर; जिथून वारा आत जातो त्या फटींवरच. दोघांनाही छान वाटली.

वाटेत लोह्याच्या पुढं धूर निघाला. मी उतरून झाकण उघडलं. पंख्यानं निम्मी माळ आत ओढलेली, पाकळ्या भाजून काळ्या. इंजिन तापून सगळी रबरं गेलेली. तेल आमच्याआधी लातूरच्या वाटेला लागलेलं.

"काय झालं रे?" आबांनी पुढच्या सीटवरूनच विचारलं.

पाकळ्या मी मुठीत दाबल्या. "सील गेलं, आबा."

"परत?"

"परत."

लातूरकडं जाणारी एक जीप थांबवली, तर आबा तिच्यात बसेनात. तेवढ्यात लातूरहून आतेभावाचा फोन आला. आत्याचा श्वास लागला होता, आणि गाडी आली का, असं ती सारखी विचारत होती.

आबा फोन घेऊन मागं गेले. "हाव आक्का, आलोच. ऐक." मग मला म्हणाले, "चालू कर. ऐकू दे तिला."

मी किल्ली फिरवली. टक् झालं. पुन्हा फिरवली. पुन्हा टक्.

आबा फोन इंजिनाजवळ धरून तसेच वाकून उभे होते.