खांबाकरवी सांगितलेलं

माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीतच शाळा सुटली. हे कुणाच्या हाती पडलंच तर हसू नये. माझे भासरे, म्हणजे मालकांचे थोरले भाऊ, माझ्याशी कधी बोलले नाहीत. ते ओसरीच्या खांबाशी बोलायचे.

भासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडू नये ही आमच्याकडची रीत. सासूबाई ठार बहिऱ्या, मालक दिवसभर मळ्यात. मग भासरे जेवायला बसले की म्हणायचे, "खांबा, घरात सांग, वांग्याची भाजी झकास झाली." मी पदराआडून म्हणायची, "खांबा, सांग त्यायले, अजून आहे." सासूबाई हे बघून म्हणत, "माह्यापेक्षा ह्या खांबालेच जास्त ऐकू येते."

ते खामगाव-बुलढाणा सर्विसची मोटर चालवत, आणि त्यांचं नाव होतं ते नाकासाठी. जळका वास आला की गाडी उभी करून, डोळे मिटून हुंगायचे. "वायर जळाली त रबराचा वास, ब्रेक धरला त शिंग जाळल्यावानी. मोटर आधी नाकाले सांगते, मंग डोयाले."

एके वर्षी तापाची साथ आली. भासरे त्यातून उठले, पण नाक गेलं. हे मला कळलं ते दुधावरून. मी विहिरीवर होते, चुलीवरचं दूध उतू जाऊन करपलं. वास पार गल्लीत गेला होता आणि भासरे ओसरीत शांतपणे सुपारी कातरत बसले होते. मी पातेलं उतरवलं. त्यांनी वर पाहिलं, आणि माझ्या ध्यानात आलं हे त्यांच्याही ध्यानात आलं. अडकित्ता खाली ठेवून म्हणाले, "खांबा, घरात सांग, हे गावात जाऊ देऊ नका. सर्विसचा शेट मोटर काढून घेईन."

त्यानंतर बाजाराच्या दिवशी मी भाजीची टोपली घेऊन खामगावला निघाले, की त्यांच्या पाठीमागच्या बाकावर माझी जागा राखलेली असे. खांबाकरवीच ठरलं होतं. जळका वास आला की मी बाकाच्या लोखंडी दांडीवर बांगड्या वाजवायच्या. इतर दिवशी ते थांब्याथांब्याला उतरून चाकांना, धुराच्या नळीला हात लावून पाहत. तळहात कायम पोळलेले.

एकदा बोथ्याच्या घाटात करपट वास आला. मी बांगड्या वाजवल्या. "इंजिनाले तहान लागली," असं म्हणत ते उतरले. मागच्या चाकापाशी हात नेला आणि झटकन काढून घेतला. परत येऊन पाहतात तर हातब्रेक अर्धा ओढलेलाच. कपाळावर हात मारून मोटरीला म्हणाले, "म्हातारे, पाय बांधून पयवून राह्यलो तुले, अन् तू बोलली बी नाहीस!" सारी मोटर हसली. पदराआड मीही हसले.

मग मळ्यात पाणी देताना मालकांना पान लागलं, साप डसला. दिवस मावळायच्या आत ते गेले. माझ्या बांगड्या फोडल्या.

पोटासाठी टोपली पुन्हा उचलावी लागली. भासऱ्यांनी तो बाक माझ्यासाठी तसाच राखला होता. बांगड्यांचं दोघांच्याही मनात आलं असेल, पण त्या दिवसांत खांबाशीही कुणी बोलत नव्हतं.

घाट उतरताना कापूस जळल्याचा वास आला. हात आपसूक दांडीवर गेला. मोकळं मनगट लोखंडावर आपटलं, आवाज झाला नाही. पुन्हा आपटलं. त्यांना काय म्हणून हाक मारायची तेही मला ठाऊक नव्हतं. ओरडले, "अहो, थांबवा मोटर! जळून राह्यलं!"

गावातला एक जण म्हणाला, "भासऱ्याले हाका मारते! लाज आहे काय?" तोवर दुसऱ्याला वास आला. "अबे, खरंच जळून राह्यलं! काऊन बे डायवर, नाक गहाण टाकलं काय?"

भासऱ्यांनी मोटर उभी केली. सगळ्यांना उतरवून ते मोटरीखाली वाकले. एका व्यापाऱ्याचं लुगड्यांचं गाठोडं सुटून त्याचं टोक फळीच्या फटीतून खाली लोंबून गरम नळीला टेकलं होतं. त्यांनी ते उघड्या हातांनी ओढून काढलं, माती टाकून विझवलं. माणसं वाचली, मोटरही वाचली. पण नाकाची गोष्ट आमच्याआधी खामगावात पोचली.

शेट वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "गड्या, वास न येनाऱ्याच्या हाती इतके जीव कसे देऊ?" भासऱ्यांनी मोटरीची किल्ली त्याच्यापुढे ठेवली. लुगड्यांची भरपाई त्यांनी आपणहून अंगावर घेतली. त्या संध्याकाळी म्हणाले, "खांबा, घरात सांग, चूक तुमची नाही, बोलाच लागत होतं." मी पदराआडून ताट पुढे सरकवलं.

पुढे ते सरकीची पोती वाहायचे. काम नसलं की सर्विसच्या वेळेला रस्त्याकडेच्या बाभळीखाली जाऊन बसत. मोटर गेली की तिच्या धुरळ्यात नाक वर करून मोठा श्वास ओढत, आणि मान हलवत. असाच एक हिवाळा खोकल्यात गेला, आणि तेही गेले. मागोमाग सासूबाई. भरपाईतलं जे राहिलं होतं ते मी भाजी विकून देत राहिले.

परवा बाजारात व्यापाऱ्याच्या हातावर शेवटचे पैसे ठेवले. घरी आले, टोपली उतरवली. घरात कुणी नव्हतं, तरी पदर पुढे ओढून घेतला आणि म्हटलं,

"खांबा, सांग त्यायले, सारे फिटले."