साडूंचा हर्जाना

आदिलाबाद जिल्ह्यातल्या कुठल्याही हॉटेलात शिरून नुसतं 'कचेरीतले मराठी साहेब येऊन राह्यले' एवढं म्हणावं. मालक आधी आत जाऊन चहात साखर पडली की नाही ते बघून येई आणि मगच आपल्याला 'या, बसा' म्हणे. कलेक्टर आले नि गेले, तालुके मोडून मंडळं झाली, पण ही दहशत कायम होती. ती दहशत म्हणजे आमचे थोरले साडू. अंगानं काटकुळे, कपाळावर कायम एक आठी, आणि आवाज इतका मऊ की देवळात बोलताहेत असं वाटावं. कोणावर ओरडताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. टेबलावर थंड चहा आला की ते कपबशी दोन बोटांनी पुढे सरकवीत आणि अत्यंत मायेनं विचारीत, "शेठ, याचा हर्जाना काय देता?"

नुकसानभरपाई हा शब्द त्यांना भिंतीवरच्या सरकारी पत्रकातला वाटे. महसूल खात्यातली नोकरी. निजामाच्या वेळचे शब्द त्या कचेरीत जुन्या खुर्च्यांसारखेच अजून वापरात होते, त्यांतला हा एक त्यांनी घरी आणला होता. मात्र हर्जाना म्हणजे पैसे नव्हेत. बिलातून काही कमी करतो असं कोणी म्हणालं तर साडूंचा चेहरा लालबुंद होई. "म्या काय भीक मागून राह्यलो?" चूक ज्या तऱ्हेची, हर्जानाही त्याच तऱ्हेचा, असा त्यांचा कायदा होता आणि त्याची कलमं त्यांना जागच्या जागी सुचत. चहा थंड निघाला तर दुसरा गरम चहा यायचा हे तर झालंच, पण पहिला थंड चहा मालकानं त्यांच्यासमोर बसून प्यायचा. उटनूरला एकदा डोशाबरोबर एकच चटणी आली, दुसरी संपली होती. साडूंनी हर्जाना म्हणून त्या न आलेल्या चटणीची कृती मागितली, ती हॉटेलच्या स्वयंपाकीणबाईंकडून नीट समजून घेतली आणि घरी येऊन आमच्या अक्कडसासूबाईंना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, सांगितली. त्या घरात जे जे म्हणून चवीचं शिजायचं, ते सगळं कुठल्या ना कुठल्या हॉटेलच्या चुकीतून आलेलं होतं. मी तिथे पोटभर जेवून उठताना जिल्ह्यातल्या समस्त बेफिकीर आचाऱ्यांना मनोमन दुवा देत असे.

मंचेरियलच्या लॉजवर तर माझ्यादेखत घडलं. पहाटेच्या गाडीनं उतरलो होतो, खोली मिळाली, टॉवेल मिळाला, आणि टॉवेल ओला. मी शर्टाला अंग पुसून मोकळा झालो. मी त्या पंथाचा आहे, जो चहात माशी पडली तर माशी काढतो, चहा पितो आणि माशीची माफी मागतो. साडूंनी मॅनेजरला बोलावलं, खुर्चीवर बसवलं, पंख्याखाली टॉवेल धरायला लावला आणि म्हणाले, "वाळतवर बसा. तवर तुमचं सांगा, घरी कोन कोन हाये?" टॉवेल वाळला तोवर मॅनेजरच्या घरची सगळी माहिती निघाली होती, त्याच्या बायकोच्या गुडघ्यावर औषध सुचवून झालं होतं, आणि धाकट्या लेकाच्या बारशाचं आमंत्रण आम्हा दोघांना मिळालं होतं. साडू गेलेही त्या बारशाला. मी मात्र तोंड लपवून घरीच बसलो.

यावरून आमचे खटके उडत. मी म्हणे, "अहो, माणसांच्या हातून व्हायचंच थोडंफार. गिऱ्हाइकानं प्रत्येक बारीकसारीक गोष्टीचा मोबदला कशाला मागावा? सोडून द्यावं." साडू माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत. "साडभाऊ, तुमी सोडता म्हंता, पन सोडत नाई. तुमी परत त्या हॉटेलात जात नाई, आन दहा जनाले सांगता का तिथला चहा पुचाट हाये. म्या तिथंच मागतो, तिथंच मिटवतो, आन उद्या पुन्हा तिथंच जातो. आता सांगा, त्या शेठचा दोस्त कोन?" मी 'हे जरा जास्तच होतं' एवढं बोलून विषय बदलत असे.

एवढ्या मागणाऱ्या माणसाच्या पोटी देवानं मुलगी मात्र अशी घातली होती की जिनं जन्मात काही मागितलं नाही. आमची भाची पदवीधर झाली, सुरेख रांगोळ्या काढी, पण तिच्या तोंडून तक्रार म्हणून निघत नसे. शिंप्यानं ब्लाउजच्या बाह्या लहानमोठ्या शिवल्या, तर ही एका लग्नात दिवसभर एक हात पदराखाली दडवून बसली. साडूंना ते कळलं तेव्हा त्यांना जेवण गेलं नाही. मग तिला स्थळं यायला लागली आणि साडूंच्या कपाळावर एकीच्या दोन आठ्या झाल्या. हुंडा, शेती, पगार यांतलं काहीच त्यांच्या डोक्यात नव्हतं. "आमच्या पोरीले तोंड नाई, साडभाऊ. ज्या घरात मानसं चूक गिळतात, त्या घरात सुनेलेही गिळाच लागते. आन हे तर गिळतच राहीन, एक दिवस आपल्याले पत्ताही लागनार नाई." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले. त्या दिवशी मला त्यांची थट्टा करवली नाही.

अशात पेनगंगेपलीकडून, पांढरकवड्याहून एक स्थळ आलं. मुलगा सोन्यासारखा, माणसं घरंदाज. मुलगी बघायला तो आणि त्याचे आईवडील येणार होते. साडूंचं क्वार्टर दोन खोल्यांचं, म्हणून पाहुण्यांची उतरायची सोय बसस्टँडजवळच्या लॉजवर केली. त्या लॉजचा तेलुगू शेठ म्हणजे साडूंचा सगळ्यांत जुना बळी. आदल्या दिवशी साडू मला घेऊन तिथं गेले आणि शेठला म्हणाले, "शेठ, कल हमारे मेहमानों की सेवा में गलती होना." त्यांचा बेत असा : चहा बिनसाखरेचा जावा, टॉवेल एक कमी पडावा, उपमा अळणी व्हावा. मग पाहुणे बोलतात की गिळतात, ते आपण खाली बसून बघायचं. बोलले तर मुलगी द्यायची, गिळलं तर नारळ द्यायचा.

शेठनं कानाला हात लावला. "साब, इत्ते साल आप गलती नक्को नक्को बोलके हमारी जान खाए. अब बोलते गलती करो?"

"हौ. करो."

"जानबूझके नई होता साब," शेठ काकुळतीला येऊन म्हणाला. "हमारी गलती अपने आप होती."

तरी हो-ना करता करता त्यानं कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पाहुण्यांना स्टँडवरून आणून वरच्या खोल्यांत सोडलं. "तुमी हातपाय धुवा, नाश्ता करा, मी घरी जाऊन तयारीचं पाह्यतो," असं सांगून साडू जिना उतरले आणि थेट लॉजच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. हिवाळ्याचे दिवस, बाहेर हाडं गोठवणारी थंडी, आणि साडूंच्या कपाळावर घाम! पहिला चहा वर निघाला. त्याचा वास आला आणि साडू ताडकन उठले. वेलदोडा होता! साखर दुप्पट होती! टॉवेल गेले ते दुकानातून नवे आणलेले, घडी न मोडलेले. उपम्याच्या बशा निघाल्या तेव्हा त्यांवर काजू दिसले.

"काजू?" साडूंचा मऊ आवाज पहिल्यांदाच फाटला. "काजू कोनं टाकले?"

शेठनं हात जोडले. "बेटी का मामला है साब. आज हमारे हाथ से गलती कैसी होती?"

साडूंचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं. पण दुसऱ्याच क्षणी उपरण्यानं नाक पुसून ते उसळले, "याचाही हर्जाना घेईन म्या तुमच्याकडून!" आणि जिन्याकडे धावले. मी त्यांच्यामागे धावलो. तुम्ही काय करताय म्हणून विचारलं तर म्हणाले, "यायच्यानं काई होत नाई. आता म्याच करतो चूक." गच्चीवर पाण्याची टाकी होती. खाली न्हाणीघरात मुलाचे वडील नुकतेच गेले होते. तांब्याचा आवाज येत होता, बरोबर हलक्या आवाजात रामरक्षा चालली होती. साडूंनी टाकीचा कॉक करकचून बंद केला.

रामरक्षा थांबली. आम्ही दोघं जिन्याच्या वळणावर श्वास रोखून उभे. आतून हाक नाही, खोकला नाही, दारावर थाप नाही. इतक्या थंडीत तो भला माणूस डोक्याला साबण लावून तसाच उभा असणार! माझ्याच अंगावर काटा आला. "सोडा हो ते पाणी," मी दबक्या आवाजात म्हणालो. साडूंचा चेहरा पडला होता. "बोलत काऊन नाई हा मानूस?" ते पुटपुटले. "गेलं, साडभाऊ. हेही घर गेलं. किती चांगला पोरगा होता."

एवढ्यात खोलीचं दार उघडलं, आणि मुलाची आई पदर खोचून तरातरा आमच्या अंगावरून खाली गेली. आम्ही भिंतीला चिकटलो होतो, तिचं लक्ष नव्हतं. गल्ल्यापाशी जाऊन ती म्हणाली, "ओ शेठ! आमच्या ह्यायच्या डोक्याले साबन लागला हाये आन नळाचं पानी गेलं. हे तर सांजवर उभे राहतीन पन बोलनार नाईत. पानी गेलं तर गेलं, जाते कधीमधी. पन मानूस कुडकुडून राह्यला ना आमचा! त्याचं काय देता?"

त्याचं काय देता! साडूंनी माझा दंड इतक्या जोरात धरला की संध्याकाळपर्यंत बोटं उमटलेली होती. "मांगते! साडभाऊ, बाई मांगते!" ते नाचायचेच बाकी होते. गल्ल्यामागून शेठ आमच्याकडे बघत होता आणि त्याचाही चेहरा नुसता फुलला होता. तिकडे ती बाई चुलीवरच्या गरम पाण्याची बादली आणि वर आणखी काजूच्या उपम्याची एकेक बशी असा सौदा पटवत होती. साडूंनी पायऱ्या दोन दोन करून ओलांडल्या, ती बादली आचाऱ्याच्या हातून हिसकावून घेतली आणि उलटे वर निघाले. बाईंनी ओळखलं.

"बाप्पा! तुमी? पोरीचे बाप ना तुमी?"

साडू जिन्यातच थांबले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. "पानी म्याच बंद केलं," ते म्हणाले. आणि मग बादली हातात तशीच धरून त्यांनी सगळं सांगून टाकलं. मुलगी कशी गप्प आहे, आपल्याला कशाची भीती वाटते, तिचा हात पदराखाली कसा होता, सगळं. मला वाटलं, आता ही बाई बॅग भरायला घेणार. ती कमरेवर हात ठेवून ऐकत होती.

"आमचे हेही तसेच हायेत," ती शेवटी म्हणाली. "घरात एक बोलनारं असलं म्हंजे बाकीच्यायचं भागते. तिच्याकडून मी बोलीन, आन हळूहळू शिकवीनही. पन पानी तुमी बंद केलं ना? मंग हर्जाना शेठकडून काऊन घेऊ? चला, तुमीच आंघोळ घाला ह्यायले."

अशा रीतीनं आमच्या साडूंनी होणाऱ्या व्याह्यांना लॉजच्या न्हाणीघरात, पंचा नेसलेल्या अवस्थेत, तांब्या तांब्यानं आंघोळ घातली. व्याही डोळे मिटून निमूट बसले होते. पाणी संपत आलं तेव्हा ते एकदाच बोलले, "कानामागं राह्यला साबन." साडू तांब्या उंचावून बाहेर ओरडले, "बोलले! व्याही बोलले!" खाली शेठनं कोणीही न सांगता पेढे मागवले. मुलगी बघण्याचा कार्यक्रम संध्याकाळी रीतसर झाला, पण लग्न न्हाणीघरातच ठरलं होतं.

त्या बाईनं शब्द पाळला. भाची पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा ऑटोवाल्यानं तिला गल्लीच्या तोंडाशीच उतरवायला घेतलं, तर तिनं त्याला चांगलं खडसावून दारापर्यंत आणलं. साडू ओट्यावर उभे राहून ऐकत होते. एखाद्याला गाण्यात वन्स मोअर द्यावा तसा त्यांचा चेहरा झाला होता. पुढे तिला तिथल्या शाळेत नोकरी लागली, मुलं झाली, सासूच्या गुडघ्यांचं दुखणं निघालं. येणं वर्षाचं दोनदा झालं, मग एकदा, मग तेही घाईघाईनं, एका पायावर. साडू स्टँडवर जाऊन नदीपलीकडच्या बस बघत बसतात असं शेठकडून मला कळायचं.

एकदा मी त्यांना चिडवावं म्हणून म्हणालो, "अहो, मागा की विहीणबाईंकडून हर्जाना. पोरगीच ठेवून घेतली त्यांनी तुमची."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

"कशाचा मागू, साडभाऊ? पोरगी रमली तिथं. यात चूक कोनाची हाये?"